लाल टिपक्याची खुर्ची

रविवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा खांदा कसा आहे? हात आता वर जातो का, की वेणी घालायला अजून धाकटीलाच हाक मारते? भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम मी सांगितला होता. तिने दोन दिवस केला असेल आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिला असेल. बाहेर माझं चौदा माणसं ऐकतात, घरात कुणी ऐकेल तर शपथ. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहून टाकते, कारण पत्रात तसं लिहायचं असतं.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतोस, मी मधेच गप्प होते, आणि मग दोघंही "बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होतो. कागद मधे बोलत नाही. एक विनंती मात्र आधीच करते. खालची खोली तू महिनाअखेरीला दुकानाच्या नव्या मॅनेजरला देणार आहेस, ती हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय देऊ नकोस. आणि शेवटचं पान आधी वाचू नकोस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांचं तू तेच करायचास आणि मग मला शेवट सांगून टाकायचास.

मागे तू विचारलं होतंस, "बुटके, तू तिथे नक्की करतेस तरी काय?" धाकटीच्या वाढदिवसाला तर पाहुण्यांसमोर म्हणालास, माझ्या बहिणीला म्हाताऱ्यांकडून टाळ्या वाजवून घेण्याचा पगार मिळतो. सगळे हसले. मीही हसले. ते हसू घरी पोचेपर्यंत कसंबसं पुरवलं. नवऱ्याने दार उघडल्यावर नाही पुरलं. तर आज सांगते मी काय करते ते.

वर्ग साडेनऊचा असतो, मी सव्वाआठला हॉल उघडते. खाली वाचनालय, वर आम्ही. आधी जमीन कोरड्या फडक्याने पुसते, वाकून, स्वतःच्या हाताने. माझ्या लोकांना घसरायला पाण्याचा एक थेंब पुरतो. मग खुर्च्या मांडते. चौदा खुर्च्या, बिनहाताच्या, पाठ सरळ, पायांना रबरी टोप्या. एकेक हलवून बघते, डुगडुगत असेल तर बाजूला काढते. झाडणाऱ्या मावशी मदत करू का विचारतात, पण खुर्च्यांना मी कुणाला हात लावू देत नाही.

मग येतात माझी माणसं. सगळ्यात लहान अडुसष्टचे, सगळ्यात मोठ्या एक्क्याण्णवच्या. एक ड्रायव्हरकाका आहेत. तीस वर्षं बस चालवली आणि आता मान मागे वळत नाही, रस्ता ओलांडताना अंगाबरोबर सगळेच वळतात. सहा महिने त्यांच्या मानेवर घालवले आम्ही. हो, टाळ्याही वाजवतो, डोक्यावर हात नेऊन. तशी टाळी वाजवता आली की वरच्या फळीवरचा डबा आपला आपल्याला काढता येतो. मी डबा काढायला शिकवते, दादा. मोजे घालायला, अंघोळीनंतर पाठ पुसायला, संडासातून कुणाला हाक न मारता उठायला शिकवते. ज्याला ते येतं त्याला त्यात काय विशेष, असंच वाटतं.

महिन्यातून एकदा सगळ्यांना जमिनीवर निजवते. पडल्यावर उठायचं कसं ते शिकवते. घाई नाही, आधी श्वास, काय दुखतंय ते बघायचं. मग कुशीवर, मग कोपरावर, मग ओणवं, मग रांगत खुर्चीपर्यंत, मग एक गुडघा वर. पहिल्या वेळी मोठ्या बाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई, जमिनीवर बसल्या आणि रडायलाच लागल्या. अकरा वर्षांत त्यांनी जमिनीला पाठ लावली नव्हती. उठल्या तेव्हा मात्र असा रुबाब की विचारू नकोस.

आणि दर तीन महिन्यांनी उठबस मोजते. हाताची छातीवर घडी घालायची, खुर्चीवरून पूर्ण उभं राहायचं आणि परत बसायचं. तीस सेकंदांत किती वेळा, ते मी मोजते. मोठ्या बाई म्हणतात, आयुष्यभर पोरांना उठाबशा काढायला लावल्या, त्याचे हे भोग. भिंतीवर तक्ता आहे, वयाप्रमाणे किती हवेत त्याचा. बाबांच्या वयाला दहाच्या खाली गेलं की पडण्याची भीती धरायची. पायात किती जीव उरलाय ते हा आकडा सांगतो. म्हणून तो प्रामाणिक हवा.

आता बाबांचं. दोन वर्षांपूर्वी ते माझ्या वर्गात आले तेव्हा दोन अटी घातल्या. इतरांइतकीच फी घ्यायची, आणि हॉलमध्ये तू बाई, मी विद्यार्थी, बापलेकीचं नातं खालच्या जिन्यावर ठेवायचं. सगळ्यांना माहीत होतं, पण सगळ्यांनी मानलं. ते मला "बाई" म्हणायचे आणि मी त्यांना "मापवाले काका". पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि चौदाच्या चौदा खुर्च्यांची उंची मोजली. तू डोळ्यांसमोर आण. एकतीस वर्षं दुकानादुकानांत वजनमापं तपासलेला माणूस, गुडघे धरून खुर्च्यांभोवती फिरतोय. एक खुर्ची दीड इंच उंच निघाली. म्हणाले, हिच्यावरून उठणं सोपं, हिच्यावर बसेल त्याचं माप फुगणार. मोठ्या बाईंच्या पर्समधून नेलपॉलिश मागून घेतलं आणि त्या खुर्चीला पुढच्या कडेखाली लाल टिपका लावला. मला बजावलं, मोजायच्या दिवशी ही मांडायची नाही. तेव्हापासून मोजणीच्या दिवशी ती खुर्ची कपाटामागे जाते.

तुला हसू येईल किंवा येणार नाही. तुझ्या पहिल्या दुकानाचा विषय आपल्या तिघांत काढायचा नाही, हे न बोलताच ठरलेलं आहे. आज मी काढते. दुकान उघडून आठवडा झाला होता. बाबा आले, पिशवीतून वजनं काढली आणि तुझा तराजू किलोमागे पंधरा ग्रॅम खातोय म्हणून गिऱ्हाइकांसमोर त्याला सील ठोकलं. तू म्हणालास, जुना घेतलाय, मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, दुकानदाराला माहीत नसतं असं होत नाही. सहा महिन्यांत तू गाव सोडलंस. तेव्हापासून त्यांची खबर तू मला विचारतोस आणि तुझी खबर ते मला विचारतात. मधल्या मधे मी निरोप्या.

म्हणूनच जानेवारीत तू जे म्हणालास त्याचं मला नवल वाटलं नाही. तू म्हणालास, बाबा एक्क्याऐंशीचे झाले, पहिल्या मजल्यावर एकटे राहतात, मी खालची खोली तयार केलीय, न्हाणीघरात धरायला दांडे बसवलेत. पण त्यांना ओढून आणणार नाही. तुझं तुझ्या वर्गात जे काय मोजणं असतं त्यातला आकडा कळव. दहाच्या वर असेल तर राहू देत तिथे, खाली असेल तर मी येऊन घेऊन जातो. भावना नकोत, आकडा दे. मी तक्त्याचा फोटो पाठवला. बारा, खाली बाबांची सही. तू उलट लिहिलंस, "बाबांची सही म्हणजे आकडा खोटा नसणार. झालं तर मग." आणि खोली दुसऱ्याला द्यायचं ठरवलंस.

थांबते. बाबा आतून हाक मारताहेत, त्यांना एका हाताने चादर ओढता येत नाही.


सोमवार, सकाळ, हॉलमध्ये

कालचं शेवटचं वाक्य खोडणार होते. नाही खोडलं. तुझ्या लक्षात आलंच असेल, बाबा माझ्याकडे काय करताहेत आणि एका हाताने का. बुधवारी फोनवर मी तुला म्हणाले ना, बाबा त्यांच्या घरी झोपले असतील, उद्या बोल. ते झोपले नव्हते. माझ्या पलंगावर बसले होते, उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर, आणि नको नको म्हणून मान हलवत होते. मीही मूग गिळून गप्प बसले.

मंगळवारी वर्ग नसतो. सकाळी दहाला ते स्वयंपाकघरात पडले. फळीवरचा डबा काढला, मागे सरकले, पाय अडखळला. डबा काढता आला, बघ. मी दर मंगळवारी दोनला जाते तशी गेले. चार तास ते जमिनीवर होते. फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला. शेजारी घरात होते, एक हाक मारली असती तर धावून आले असते. पण शेजाऱ्यांकडे तुझा नंबर आहे. त्यांनी तुला कळवलं असतं. म्हणून मारली नाही.

मी माझ्या किल्लीने दार उघडलं तेव्हा ते भिंतीला पाठ लावून बसले होते आणि समोर खुर्ची होती. मनगट मोडलेलं असताना बाहेरच्या खोलीपर्यंत रांगत जाऊन ती खुर्ची त्यांनी ओढत आणली होती. सगळं मी शिकवलं तसं केलं होतं. कूस, कोपर, ओणवं, रांगणं, एकही पायरी चुकली नव्हती. फक्त शेवटची जमत नव्हती. अकरा वेळा प्रयत्न केला म्हणाले. मोजले होते. मला बघून लाजले, दादा. हॉलमध्ये नव्हतो आम्ही, त्यांच्याच घरात होतो, तरी म्हणाले, "बाई, गुडघा वर येत नाही."

ते वाक्य गेले सहा दिवस माझ्या कानातून जात नाही. गुडघा वर येत नव्हता, कारण ते पाय बाराचे नव्हतेच. आठचे होते. डिसेंबरमध्ये मी एकदा सहज मोजले होते तेव्हा आठ भरले होते. सगळ्यांसमोर, बरोबर उंचीच्या खुर्चीवर, दमून. तो आकडा तक्त्यावर चढवला नाही. म्हटलं, सर्दी झाली होती, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी, म्हणजे तुझा फोन आल्यानंतर, बारा भरले. ते लाल टिपक्याच्या खुर्चीवर बसले होते.

हे वाचून तू म्हणशील, वा रे मापवाले. माझ्या तराजूला सील आणि स्वतः उंच खुर्ची. काल दुपारी मीही "ते लाल टिपक्याच्या खुर्चीवर बसले होते" एवढंच लिहून सोडणार होते, तुला जे समजायचं ते समजू द्यायचं. अर्धं खरं सांगितलं की बाकीचं आपोआप झाकलं जातं. पण खुर्च्या कोण मांडतं, ते मी तुला वर लिहिलंय.

ती खुर्ची मी मांडली. कपाटामागून काढली, पुसली, डावीकडून तिसरी ठेवली, जिथे ते नेहमी बसतात. त्यांनी सांगितलं नव्हतं. डोळ्यानेसुद्धा सुचवलं नव्हतं. आणि बाबांना त्यांच्या घरात राहायचंय, त्यांचं मन मोडू नये म्हणून केलं, असंही म्हणणार नाही. आठवडाभर मी स्वतःला तेच सांगत होते. ते खोटं आहे. मला तुला आठ हा आकडा पाठवायचा नव्हता. दोन वर्षं माझ्या वर्गात येऊन माझ्या बापाचे पाय दहाच्या खाली गेले, हे तुला कळायला नको होतं. तू हसला असतास. "टाळ्या कमी पडल्या वाटतं" म्हणाला असतास. कदाचित म्हणाला नसतास, पण मला ते आधीच ऐकू येत होतं. तो बारा बाबांचा नव्हता, माझा होता. माझी लाज झाकायला मी त्यांना त्या घरात एकटं ठेवलं आणि ते चार तास जमिनीवर बसले.

खरं सांगायचं तर आठ ही लाजेची गोष्टच नव्हती. एक्क्याऐंशीव्या वर्षी पाय कमी होतात. दोन वर्षं आले नसते तर चार असते. हे मी दर आठवड्याला कुणाच्या तरी मुलाला, सुनेला समजावते, आणि स्वतःच्या भावाला समजावायची वेळ आली तेव्हा खुर्ची बदलली. तुझ्यावर रागही आहे माझा, तो लपवत नाही. पण खुर्चीला तू हात लावला नव्हतास.

आता आज सकाळचं. बाबा म्हणाले, मलाही हॉलवर ने, घरात बसून आंबलो. नवऱ्याने दोघांना सोडलं. साडेआठच वाजले होते, अजून कुणी आलं नव्हतं. मी शेवटची खुर्ची मांडत होते तेवढ्यात ते रांगेतल्या एकेका खुर्चीच्या कडेखालून डावा हात फिरवत गेले. टिपका बोटाला लागतो, सुकलेला, खरखरीत. टिपका नसलेली एक खुर्ची ओढली, बसले. प्लॅस्टरचा हात छातीवर होताच, त्यावर दुसरा ठेवला. म्हणाले, "बाई, लावा घड्याळ."

मी नको म्हणाले. डॉक्टरांनी दगदग करू नका सांगितलंय, असं काहीबाही बोलले. त्यांनी हातांची घडी सोडली नाही. मग मी लावलं घड्याळ आणि समोर उभी राहिले, तोल गेला तर धरायला. एक. दोन. तीन. चौथ्याला गाल थरथरायला लागले. पाच. सहाव्याला अर्धे उठले, तिथेच लटकले आणि परत बसले. वेळ संपली. मी काही म्हणायच्या आत म्हणाले, अर्धं धरायचं नाही.

त्यांना धाप लागली होती. मी खाली जमिनीवर बसले, त्यांच्या पायाशी, आणि सांगून टाकलं की जानेवारीत ती खुर्ची मी ठेवली होती. मला वाटलं चिडतील. दीड इंचासाठी त्यांनी लोकांचे परवाने अडवलेत.

ते म्हणाले, "बसताक्षणीच कळलं होतं मला. उठून दुसरी घेता आली असती. नाही घेतली, आणि वर सही केली."

खाली वाचनालयाचं शटर वर गेल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, त्याला लिहिते आहेस ना? काल उशीखाली पत्राचे कागद बघितले होते त्यांनी. वाचले नाहीत म्हणाले, आणि ते म्हणाले म्हणजे नसतीलच वाचले. मी हो म्हटलं. मग जे म्हणाले ते शब्द न बदलता लिहिते.

"तो म्हणाला होता, तराजूचं मला माहीत नव्हतं. त्याचं तेव्हा खरं असेल. माझं मात्र मला माहीत होतं, एवढं त्याला लिही."

सोबत नवा तक्ता जोडलाय. आकडा पाच. शेरा म्हणून त्यांनी मला लिहायला लावलं, "मागील नोंद रद्द." सही डाव्या हाताची आहे, म्हणून वेडीवाकडी दिसेल. त्यांचीच आहे. आमच्या तक्त्यावर एवढंच असतं. पण त्यांनी खाली पट्टीने आणखी एक ओळ आखून घेतली, त्यांच्या जुन्या कागदांवर असायची तशी, "तपासणाऱ्याची सही." मी पेन उचललं तर हात धरला. म्हणाले, "तिथे तू नाही. ती त्याची जागा. त्याला म्हणावं ये, आणि माप तपासून जा."

तू घेऊन जाशील की नाही, ते येतील की नाही, हे मी इथे बसून ठरवत नाही. इतके दिवस ठरवलं त्याचं काय झालं ते बघितलंस. फक्त खोली देऊ नकोस. आणि स्वतः ये, फोन नको. घड्याळ मी देईन. खुर्ची तू निवड, कडेखालून बोट फिरवून.

माणसं यायला लागली. जिन्यात ड्रायव्हरकाकांच्या काठीचा आवाज येतोय. बाबा तिसऱ्या खुर्चीवर बसून माझ्याकडे बघताहेत, पाकीट कधी बंद करते त्याची वाट बघत. तुझीही बघताहेत, पण तसं ते म्हणायचे नाहीत, म्हणून मी लिहिते.

तुझी, खुर्च्या मांडणारी,
बुटकी